सुमनवैनीचं खोकं

विलासचा फोन आला तेव्हा मी गॅससमोर दुधावर नजर ठेवून उभी होते. दूध उतू जाईल म्हणून पातेल्यापुढून न हलणारी बाई मी. आमच्या घरी यावरून माझी चेष्टा होते, होऊ दे. "काकी, आई गेली," विलास म्हणाला. सकाळी उठली, अंघोळ केली, स्वयंपाकघरात बराच वेळ खुडबुडली, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसली ती बसलीच. रेखा, म्हणजे त्याची बायको, चहा घेऊन गेली तेव्हा सगळं संपलं होतं... अशा वेळी माणूस काय विचारतं? कशी गेली, डॉक्टर आले होते का, कोणाकोणाला कळवलंस. माझ्या तोंडून निघालं, "खोक्यात काही ठेवलंय का रे तिने?" मला वाटलं, पोरगा चिडला. मग तो हळूच म्हणाला, "ठेवलंय काकी. वर पाटा दिसतोय." मी म्हटलं, "कोणाला हात लावू देऊ नकोस. मी येते." दूध तेवढ्यात उतू गेलं होतं. गॅस बंद केला, ओटा तसाच टाकला आणि निघाले.

सुमनवैनी माझी थोरली जाऊ. तिला जाऊन आता काही आठवडे झाले. भेटायला येणारे तिच्या हातच्या चवीबद्दल बोलतात, तिच्या शांत स्वभावाबद्दल बोलतात. चवीबद्दल माझं काही म्हणणं नाही. शांत स्वभावाबद्दल मात्र आहे, आणि ते सांगायचं तर आधी खोकं सांगायला हवं.

मी गिरगावातली, लग्न होऊन परळच्या चाळीत आले. ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. एका खोलीत आम्ही दोघं, वैनी-भावजी आणि त्यांचा लहानगा विलास. दोघे भाऊ गिरणीत, वैनी त्याच गिरणीच्या सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात, आणि मी गिरगावातल्या एका छापखान्यात पुस्तकबांधणीला. विलास दिवसभर शेजारच्या मावशींकडे असायचा. सकाळी भोंगा व्हायच्या आत घर रिकामं, आणि संध्याकाळी सगळे भुकेने कावलेले एकामागोमाग एक परत. रॉकेल मिळेल तेवढं, भुशाची शेगडी धुराने डोळे फोडणारी. दोन नोकरी करणाऱ्या बायकांनी आल्या आल्या स्वयंपाकाला लागायचं म्हणजे जीव नकोसा व्हायचा. माझा तरी व्हायचा. लग्नानंतर पहिल्यांदा कामावरून परतले तेव्हा वाटेत ट्रॅममध्ये मी हाच विचार करत होते, की आता जाऊन काय शिजवायचं आणि कधी जेवायचं. खोलीत शिरले तर वैनी पाय पसरून निवांत बसलेली. मी मनात म्हटलं, झालं, थोरल्या जाऊबाई अशा निघाल्या. मग तिने कोपऱ्यातल्या लाकडी खोक्यावरचा पाटा खाली ठेवला, फळी सरकवली, आतून एक गोधडीचं गाठोडं बाहेर काढलं, आणि त्या गाठोड्यातून वाफाळत्या भाताचं पातेलं निघालं. शेगडी थंडगार होती. मी बघतच राहिले.

ते खोकं चहाचं, वाण्याकडून आणलेलं. त्यात भावजींनी रे रोडच्या वखारीतून आणलेला लाकडाचा भुसा गच्च दाबून भरला होता, आणि मधोमध पातेलं बसेल एवढा खळगा. वैनीच्या गावी, तिकडे मालवणाकडे, बाळंतिणीच्या पेजेचं मडकं भाताच्या तुसात पुरून ठेवत, म्हणजे ती पहाटे उठेल तेव्हा पेज गरम. वैनीने ते लहानपणी पाहिलेलं. मुंबईत तूस कुठलं, म्हणून भुसा. सकाळी पातेल्याला कडकडीत उकळी आणायची, झाकण घट्ट बसवायचं, गोधडीत गुंडाळून खळग्यात ठेवायचं, वर भुशाची उशी, उशीवर फळी, फळीवर पाटा. मग कामावर निघून जायचं. आतल्या आत ते दिवसभर शिजत राहतं. डाळ, भात, मूग, चवळी, काहीही. काळे वाटाणे मात्र वैनीचे खास. रात्री भिजत घातलेले वाटाणे सकाळी हळद-मीठ घालून चांगले खळखळू द्यायचे आणि खोक्यात टाकायचे, संध्याकाळी लोण्यासारखे. खोबऱ्याचं वाटप आणि फोडणी तेवढी आल्यावर. चाळीतल्या कामावर जाणाऱ्या बायका तिला विचारून विचारून खोकी करू लागल्या. एकीच्या खोक्यातला भुसा सगळा भातात उतरला, दुसरीने अर्धंच पातेलं भरलं आणि डाळ कच्ची राहिली. वैनी प्रत्येकीला तेच सांगायची. "पातेला गळ्यापर्यंत भरूचा. अर्ध्या पातेल्यात ऊब रवणा नाय."

आणि मुख्य म्हणजे मध्येच उघडायचं नाही. उघडलं की वाफ गेली, वाफ गेली की कच्चं. एकदा भावजींना कामावरून आल्या आल्या भूक आवरली नाही, वैनी नळावर गेलेली बघून त्यांनी झाकण उचललं. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी दातांखाली कटकट वाजणारे वाटाणे खाल्ले. वैनी एक शब्द बोलली नाही, फक्त भावजींच्या ताटात दुप्पट वाढले. त्यानंतर घरात एक रीतच पडली. शेवटचं माणूस घरी आल्याशिवाय झाकण काढायचं नाही. वैनी खोक्याशी बसून विचारायची, "कोण रवला?" राहिलेला जो असेल तो दारात चपला काढता काढता ओरडायचा, "इलंय गे!" म्हणजे आलो गं, की पाटा खाली. मी गिरगावकरीण, मला ते 'इलंय' सुरुवातीला तोंडात बसेना. मग बसलं. बसलं ते अजून निघालेलं नाही.

आता त्या दिवसाकडे येते. लिहायला बसल्यापासून हात तिकडे जायला तयार नाही.

मुंबई महाराष्ट्राची नाही होणार अशी बातमी आली आणि गिरणगाव पेटलं. सकाळी दोघे भाऊ पाण्याचा तांब्यासुद्धा न उचलता मोर्च्याला गेले. छापखाना बंद, गिरण्या बंद. आम्ही दोघी घरी. घरी असलो तरी वैनीने सवयीने वाटाण्यांना उकळी आणली आणि पातेलं खोक्यात ठेवलं. मी म्हटलंसुद्धा, "वैनी, आज शेगडीवरच शिजवू की, वेळच वेळ आहे." ती म्हणाली, "दोघव केव्हा येतले कोणाक ठावक. खोक्यात आसला म्हणजे केव्हाय येवदेत."

दुपारी लालबागच्या बाजूने आवाज आले. आधी फटाक्यांसारखे. मग खालून पळणारी माणसं, मग डोळ्यांत चरचरणारा धूर. खिडक्या लावल्या, विलासच्या डोळ्यांवर ओला फडका धरला. गॅलरीत उभं राहायची सोय नव्हती. कोणी ओरडत गेलं की गोळीबार झाला. मी दाराशी जात होते, परत येत होते, पुन्हा दाराशी जात होते. वैनी खोक्याला टेकून विलासला मांडीवर घेऊन बसलेली.

उन्हं उतरताना आमचे हे आले. सदरा फाटलेला, चप्पल एकच. मी त्यांना धरूनच ठेवलं. आणि तशी धरलेली असताना त्यांच्या खांद्यावरून मला वैनी दिसली, दाराकडे बघणारी. ह्यांच्या मागून कोणी येत नव्हतं. "दादा कुठाय?" ह्यांनीच विचारलं. "पळापळीत हात सुटला. मला वाटलं, तो पुढे आला असेल..."

माझा आला होता आणि तिचा आला नव्हता. त्या खोलीत आता मला आनंद व्हायला जागा नव्हती आणि आनंद तर झालेला होता. त्याचं काय करायचं ते मला कळेना.

थोड्या वेळाने तळमजल्यावरचा एकजण वर आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, नाक्यावर एक माणूस पडला, पट्ट्यांचा सदरा घातलेला, लोकांनी उचलून नेला. कुठे नेला ते माहीत नाही. भावजी सकाळी पट्ट्यांचाच सदरा घालून गेले होते. पण ह्यांच्याही अंगावर तोच सदरा होता! त्या वर्षी गिरणीच्या दुकानात निळ्या पट्ट्यांचं कापड कामगारांना स्वस्तात मिळालं होतं आणि अर्ध्या परळने त्याचे सदरे शिवले होते. मी ते मोठ्याने म्हटलं. "अहो, सगळ्यांकडेच आहे तो सदरा." माझ्याच कानाला ते पोकळ लागलं. वैनी म्हणाली, "होय तर." आणि विलासचे केस मागे सारत राहिली.

संचारबंदी लागली. कोणाला शोधायला जायचं म्हटलं तरी जाता येईना. विलास भुकेने रडायला लागला, ह्यांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, आणि कोपऱ्यात शिजलेल्या वाटाण्यांचं पातेलं. मी खोक्याकडे गेले तर वैनीने पाट्यावर हात ठेवला. मी म्हटलं, "वैनी, पोर उपाशी आहे." तिने डब्यातली सकाळची भाकरी काढली, विलासला गुळाशी दिली, ह्यांना चटणीशी दिली. पाट्यावरचा हात मात्र उचलला नाही. आता मला राग आला. एरवी मी तिच्यापुढे बोलत नसे, तेव्हा बोलले. "वैनी, हे काय वेड आहे? वाटाणे केव्हाच शिजलेत!"

ती माझ्याकडे बघून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "अजून शिजताहा गो. शिजताहा म्हणजे कोणाक उशीर झालो नाय."

तेव्हा तिचा हात मी नीट पाहिला. पाट्यावर ठेवलेला तो हात थरथरत होता, पाटा फळीवर बारीक कडकड वाजत होता. सगळी चाळ जिला शांत म्हणायची त्या बाईच्या हातांना थरथर लपवायला एक दगड लागत होता... मी तिच्या शेजारी जाऊन बसले, आणि माझाही हात पाट्यावर ठेवला. आवाज थांबला.

खोक्याची ऊब काही कायमची नसते. पातेलं निवायला लागलं की वाटाणे आंबणार. वैनीने ते बाहेर काढलं, झाकण न उचलता स्टोव्हवर ठेवलं, झाकण नाचायला लागेपर्यंत थांबली आणि पुन्हा गोधडीत गुंडाळून खळग्यात. पहाटे पुन्हा तेच. रॉकेल संपत आलं तरी तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी संचारबंदी थोडी सुटली तेव्हा हे चौकशीला निघाले, तर वैनीने त्यांना अडवलं. "तू जाव नको. आणि एक कमी करू नको घरातलो." मी मनातल्या मनात तिच्या पाया पडले.

दुपारी दारात चपलांचा आवाज झाला. एका हाताला फडकं बांधलेलं, दाढीचे खुंट आलेले, आणि तो पट्ट्यांचा सदरा. भावजी दारात उभे राहून नेहमीसारखं ओरडायला गेले, पण घसा बसलेला. कसंबसं निघालं, "इलंय गे." लाठी हातावर बसली होती. खात्यातल्या जोडीदाराने त्यांना भोईवाड्यात आपल्या घरी ओढून नेलं होतं, आणि संचारबंदीमुळे तिथून हलता आलं नव्हतं. भोईवाडा! हाकेच्या अंतरावर माणूस बसलेलं आणि आम्ही इथे त्याच्या नावाने... वैनी रडली नाही. उठली आणि पाटा खाली ठेवला. पातेल्यात वाटाण्यांचा नुसता गाळ झालेला, खाली लागलेला, पाणी आटून खारट. भावजी पहिला घास घेऊन म्हणाले, "मीठ जास्त झाला गे." त्यावर मात्र ती रडली. जी रडली ती आम्ही कोणी तिला थांबवू शकलो नाही.

डोळे पुसून झाल्यावर तिने विचारलं, "मगे नाक्यार पडलो तो कोण होतो?" भावजींना वाटेत कळलं होतं. पाठीमागच्या चाळीतला होता, नुकतं मूल झालेला. वैनीने उरलेलं अख्खं पातेलं उचललं, मला म्हणाली, "चल." सुतकाच्या घरात चूल पेटवत नाहीत, शेजारपाजारचं जेवण जातं. त्या दिवशी भीतीने कोणाकडे धड काही शिजलंच नव्हतं. त्या घरी आमचे खारट, लागलेले वाटाणे गेले. तिथल्या बाळंतिणीला वैनीने स्वतः भरवले. नवऱ्यासाठी राखलेलं जेवण, दुसरीच्या नवऱ्याच्या सुतकाला. परत येताना ती एवढंच म्हणाली, "तिच्याकडे कोण उशिरा येवचो नाय आता."

पुढे महाराष्ट्र झाला, मुंबई त्यात आली, दिवे लागले, पेढे वाटले. आम्ही दोघांनी दादरला बिऱ्हाड केलं. वैनीकडे गॅस आला, शिट्टीचा कुकर आला, सून आली. भावजी म्हातारे होऊन अंथरुणातच वारले. खोक्याचा भुसा तिने किती वेळा बदलला असेल, खळगा मात्र त्याच पातेल्याचा. रेखा म्हणायची, "आई, कुकरला वाटाणे पटकन होतात." वैनी म्हणायची, "होतत. पण तो शिट्टी मारून सांगता, झाला झाला. माका असा घायकुतीचा भांडा नको." विलास कंपनीतून उशिरा यायचा तेव्हा त्याचा फोन आला नाही म्हणून ती कधी कासावीस झाली नाही असं रेखा सांगते. रेखाला खोक्याशी बसलेली सासू दिसायची. पाट्यावर ठेवलेला हात तिने बघितला नसावा.

खोकं आता माझ्याकडे आहे. रेखाने विचारलं, आणि मी नको म्हणायच्या आत टॅक्सीत घातलंसुद्धा. पण ती गेली त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं.

पुरुषमंडळी स्मशानातून परतत होती, एकेक करून. शेजारच्यांनी पिठलं-भात आणून ठेवला होता. ती गेली त्या जागी दिवा लावलेला. स्टोव्ह, गॅस, काही पेटवायचं नाही. आणि कोपऱ्यात खोकं, वर पाटा. एक शेजारीण म्हणाली, "घरातलं माणूस गेलं तेव्हा शिजत असलेलं अन्न ठेवत नाहीत, टाकून द्या." रेखा माझ्याकडे बघायला लागली. मी खोक्याशी बसले होते, सकाळपासून तिथेच बसले होते. रेखा म्हणाली, "काकी, काढू का?" आणि माझा हात पाट्यावर गेला. मी म्हटलं, "राहू दे गं. अजून शिजतंय."

माझ्या तोंडून वैनीचंच वाक्य आलं. पातेलं निवत चाललं असणार हे मला कळत होतं. त्या घरात त्या दिवशी दुसरी उकळी देता येत नव्हती, हेही कळत होतं. सगळी मंडळी आत येऊन बसली, आणि मी ऐंशीच्या घरातली बाई दगडावर हात ठेवून बसलेली. दाराकडे बघत.

शेवटी विलास आला. त्याने चपला काढल्या, पायांवर पाणी घेतलं, आणि उंबऱ्यात उभा राहून, सवयीने, दुसरं काही सुचलं नाही म्हणून, म्हणाला, "इलंय गे..."

मग तो माझ्यापाशी येऊन बसला. "काकी, मीच राहिलो होतो. आता सगळे आलेत."

मी पाटा खाली ठेवला. फळी सरकवली, उशी काढली, गोधडी सोडली. पातेलं अजून कोमट होतं. झाकण उचललं तेव्हा थोडीशी वाफ आली, हळदीच्या वासाची. मी एक वाटाणा दोन बोटांत धरून दाबला. शिजला होता.